खुब्याची बाह्य वेदना

खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, ऊर्वस्थीच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या भागात हाताला सहज लागणाऱ्या उंचवट्यावर व त्याच्या आसपास होणारी चिरकारी (दीर्घकाळ टिकणारी) वेदना. या उंचवट्यास शारीरशास्त्रात मोठा ट्रोकँटर म्हणतात. वेदना मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते; गुडघ्याखाली ती क्वचितच जाते. रुग्णाला दुखऱ्या कुशीवर निजता येत नाही. जिना चढताना, बराच वेळ बसून उठल्यावर टाकलेल्या पहिल्या काही पावलांत आणि एका पायावर भार देऊन उभे राहताना दुखणे वाढते. हा विकार चाळिशीनंतर व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळतो. गुडघ्याचा संधिविकार असलेल्या किंवा होण्याचा संभव असलेल्या ५० ते ७९ वर्षे वयाच्या सु. ३,००० अमेरिकन व्यक्तींची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका बाजूचे दुखणे १५ टक्के स्त्रियांत व ६·६ टक्के पुरुषांत आढळले.

विसाव्या शतकात बहुतेक काळ या दुखण्यास ‘ट्रोकँटरचा श्लेषपुटीशोथ’ (श्लेषपुटीची दाहयुक्त सूज) असे नाव होते व पुष्कळ ठिकाणी अजूनही तेच दिले जाते. श्लेषपुटी ही सूज येणारी पिशवी हे दुखण्याचे मूळ, आणि पिशवीतील शोथ औषधाने मारणे हा उपाय, अशी ही सरळ विचारसरणी होती. ती टिकली नाही. दुखण्याचे मूळ बहुधा पिशवीत नसून तिच्या लगतच्या कंडरांत (स्नायू हाडास जोडणाऱ्या दोऱ्यांत) असते, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले. त्याबरोबर उपचाराचा भर सुईवरून व्यायामावर आला. प्रस्तुत नोंदीत या स्थित्यंतराचा इतिहास मुंबई व तिच्या उपनगरांच्या विशेष संदर्भाने दिला आहे. कारण भारतात व्यायामोपचाराचे शिक्षण प्रथम याच शहरात सुरू झाले.

प्राचीन व लोकवैद्यकीय कल्पना : खुब्याजवळचे दुखणे सांध्याचे, मज्जातंतूचे की वरच्या मांसाचे हा भेद जुन्या वैद्यकात सर्वत्र पुसट होता. चरकसंहितेतील वातव्याधींच्या विवेचनात गृध्रसीचे वर्णन आहे. तीत वेदना स्फिक् म्हणजे कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल या क्रमाने पसरते. आज ज्याला सायटिका म्हणतात त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी कुकुंदर, कटीकतरुण व नितंब ही मर्मे याच परिसरात येतात. मात्र तो विचार आघाताच्या परिणामांचा आहे. ग्रीक वैद्यांच्या लेखनातही खुबा व पाय यांच्या सर्व वेदना एकाच नावाखाली येत. त्यांतून मज्जातंतूजन्य वेदना वेगळी काढण्याचे श्रेय नेपल्स येथील दोमेनीको कोतून्यो यांना जाते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला. सांधा व मज्जातंतू यांच्याशिवाय तिसरेही काही दुखू शकते, ही जाणीव त्यानंतरही बराच काळ आली नाही.

मुंबईची आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील कोळी, आगरी व शेतकरी वस्त्यांत, तसेच कोकणातून व देशावरून आलेल्या कुटुंबांत खुब्याच्या दुखण्यावर शेक, निर्गुडीचा पाला, तेलाचे मर्दन आणि बिब्बा हे उपाय चालत. हाडवैद्याकडे जाण्याचीही रीत होती. शेकाने तात्पुरता आराम वाटतो. मात्र नेमक्या दुखऱ्या उंचवट्यावर जोराने चोळल्यास बहुधा दुखणे वाढते आणि बिब्ब्याने कातडी भाजून व्रण होतात. हे उपाय अद्याप पूर्णपणे मागे पडलेले नाहीत.

श्लेषपुटीचा शोध व तिचे नाव : हाडाच्या उंचवट्यावरून कंडरा किंवा कातडी सरकते तेथे घर्षण कमी करण्यासाठी निसर्गाने पातळ, किंचित द्रव असलेल्या चपट्या पिशव्या योजलेल्या असतात. त्यांना श्लेषपुटी म्हणतात. एडिंबरो येथील शारीरज्ञ अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी मानवी शरीरातील या सर्व पिशव्यांचे सचित्र वर्णन करणारा ग्रंथ १७८८ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रोकँटरवर अशा एकाहून अधिक पिशव्या असतात. त्यांतील सर्वांत मोठी महानितंब स्नायूच्या खाली असते.

एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात या पिशवीचा जो रोग शस्त्रवैद्यांना प्रत्यक्ष दिसे, तो बहुतेक वेळा क्षयाचा असे [→ क्षयरोग]. पिशवी पुवाने फुगे, गळू मांडीवर उतरे, नाडीव्रण होई. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘श्लेषपुटीशोथ’ हे नाव अगदी यथार्थ होते. पुढे क्षयाचे प्रमाण कमी झाले तरी नाव मागे उरले. पुवाचा मागमूस नसलेल्या, केवळ दाबल्यावर दुखणाऱ्या खुब्यासही ते लावण्यात येऊ लागले. पिशवी उघडून न पाहता केलेले ते निदान होते आणि शस्त्रक्रियेचे कारण नसल्यामुळे ती उघडण्याचा प्रसंगही येत नसे. वैद्यकातील अनेक नावे अशीच एका रोगावरून दुसऱ्यावर सरकलेली आहेत.

चालण्याचे यंत्रशास्त्र : या विकाराचे खरे स्वरूप समजण्याची सामग्री वेगळ्याच दिशेने जमा होत होती. जर्मन शस्त्रवैद्य फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख यांनी १८९५ मध्ये जन्मजात खुबा निखळलेल्या मुलांच्या डुलत्या चालीचे कारण दाखवून दिले. माणूस एका पायावर उभा राहतो तेव्हा उचललेल्या पायाकडची श्रोणीची बाजू खाली पडू पाहते. टेकलेल्या पायाकडील मध्य व लघु नितंब स्नायू तिला तोलून धरतात. हे स्नायू दुबळे असले की श्रोणी कलते. या परीक्षेला त्यांचे नाव मिळाले. मध्य व लघु नितंब स्नायूंच्या कंडरा त्याच उंचवट्यावर, म्हणजे मोठ्या ट्रोकँटरवर जोडलेल्या असतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फ्रीड्रिख पाउव्हेल्स यांनी १९३५ मध्ये या तोलाचे गणित मांडले. शरीराचा भार खुब्यापासून ज्या अंतरावर कार्य करतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावरून या स्नायूंना ओढ द्यावी लागते. त्यामुळे स्नायूंचे बल शरीरभाराहून अधिक होते आणि सांध्यावर एकूण तीन-चार पट भार येतो. कृत्रिम सांध्यात मापक उपकरण बसवून बर्लिन येथे केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत सपाट जागी चालताना सांध्यावर शरीरभाराच्या सु. २·४ पट, जिना चढताना २·५ पट व उतरताना २·६ पट भार आढळला. अमेरिकेतील वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये काठीची बाजू घेताना याच तरफेचा आधार घेतला. काठी दुखऱ्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरली म्हणजे नितंब स्नायूंचे काम बरेच हलके होते. सामान्यतः रुग्ण याच्या नेमके उलट करतात.

खुब्यावरून मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणारा एक रुंद तंतुमय पट्टा असतो. तो आखडल्याने कंबर व पाय दुखतात असे बॉस्टन येथील फ्रँक ओबर यांनी १९३५–३६ मध्ये प्रतिपादन केले व तो तपासण्याची पद्धत सांगितली. तेव्हापासून हा पट्टा ताणण्याचे व्यायाम खुब्याच्या दुखण्यावर सरसकट सांगितले जाऊ लागले. हा पट्टा व हाड यांच्या मध्ये कंडरा व पिशवी चेपल्या जातात, ही बाब दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवांवरील एका अभ्यासात पाय सरळ असताना ट्रोकँटरवर या पट्ट्याचा दाब सु. ४ न्यूटन, तर मांडी केवळ १० अंश आत नेल्यावर ३६ न्यूटन भरला. ज्या व्यायामाने पट्टा ताणला जातो त्यानेच कंडराही दाबली जाते, असा याचा अर्थ होतो.

मुंबईतील भौतिकी चिकित्सेचा उदय : नितंब स्नायूंच्या बळकटीची विद्या मुंबईत आली ती खुब्याच्या वेदनेसाठी नव्हे, तर बालपक्षाघातामुळे. १९५० च्या आगेमागे या रोगाने शहरातील अनेक मुलांना अपंग केले. फातेमा इस्माईल यांनी, आपल्या मुलीला झालेल्या या रोगाच्या अनुभवातून, १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था काढली. तिच्या प्रयत्नांतून हाजीअली येथे मुलांचे विकलांग चिकित्सा रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मूळच्या अमेरिकन व विवाहाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायप्रधान चिकित्सेची भारतातील पहिली शाळा सुरू केली. पाठोपाठ १९५२–५३ च्या सुमारास त्याच रुग्णालयात महानगरपालिका, तत्कालीन मुंबई सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकी चिकित्सेची शाळा निघाली. तीही देशातील पहिलीच होय. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

पक्षाघात झालेल्या मुलात मध्य नितंब स्नायू निकामी झाला की मूल प्रत्येक पावलाला त्या बाजूस झुकते. तेव्हा स्नायूची ताकद श्रेणी लावून मोजणे, उरलेल्या तंतूंना टप्प्याटप्प्याने काम देणे, श्रोणी समतल ठेवून चालायला शिकवणे, हे या शाळांतील रोजचे काम होते. पन्नाशीतल्या स्त्रीच्या दुखऱ्या खुब्याला याच कौशल्याची गरज असते. परंतु तिला तेथे पाठविण्याची कल्पना त्या काळी कोणाला सुचण्याचे कारण नव्हते, कारण तिचे दुखणे ‘पिशवीचे’ मानले जाई आणि पिशवीला व्यायाम नसतो. भारतात बालपक्षाघाताचा नैसर्गिक विषाणूजन्य शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये आग्नेय आशिया विभाग रोगमुक्त घोषित झाला. रोग गेला, पण त्याने घडविलेला व्यवसाय राहिला. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा आहे.

ही केंद्रे शहराच्या दक्षिण व मध्य भागांत होती, वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत होती. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ मध्येच आली होती. अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला व २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सु. ९३·६ लाख, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक भरली. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती व मुलुंडचे अगरवाल ही महानगरपालिकेची रुग्णालये, तसेच मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथील कामगार विमा योजनेची रुग्णालये या वस्तीसाठी निघाली. तरीही खुबा दुखणारा उपनगरवासी प्रथम जातो तो गल्लीतल्या दवाखान्यात. तेथे सहज उपलब्ध असणारा उपाय म्हणजे वेदनाशामक गोळी, आणि ती पुरेशी न पडल्यास अंतःक्षेपण (इंजेक्शन).

कॉर्टिसोनचे युग : अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांचे सहकारी यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले. परिणाम इतका नाट्यमय होता की १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. सांध्यातून ही सुई लवकरच श्लेषपुटीत गेली. १९५८ मध्ये एम. एच. लिओनार्ड यांनी ‘ट्रोकँटर लक्षणसमूह’ हे नाव सुचविले. या लक्षणसमूहात पिशवीबरोबर कंडराचाही दाह असतो, असे त्यांचे मत होते. १९६१ मध्ये ई. जे. गॉर्डन यांनीही दोन्हींचा एकत्र विचार केला. पण सुई पिशवीत द्यावयाची असल्याने पाठ्यपुस्तकांत पिशवीच उरली. उपचाराची सोय निदानाला वळण लावते ते असे.

या उपायाने रुग्णाला बरे वाटत नसे असे नाही. पुष्कळांना दोन-तीन दिवसांत झोप लागू लागे. त्यामुळे निदान बरोबर होते असा समज दृढ झाला. वस्तुतः कॉर्टिसोनसारखी द्रव्ये अनेक प्रकारच्या वेदना काही आठवडे कमी करतात, त्यावरून वेदनेचे स्थान सिद्ध होत नाही. दुखणे परत आले की दुसरी व तिसरी सुई दिली जाई. मधुमेही रुग्णात या औषधाने काही दिवस रक्तशर्करा वाढते. टोचलेल्या जागची कातडी पातळ व पांढुरकी होऊ शकते. आणि वारंवार टोचल्यास कंडरा अशक्त होण्याची भीती असते. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या मुंबईसारख्या शहरात यांतील पहिली बाब क्षुल्लक नाही.

पिशवीकडून कंडरेकडे : एम. आर. करपिन्स्की व एच. पिगट यांनी १९८५ मध्ये १५ रुग्णांवरील निबंधात ‘मोठ्या ट्रोकँटरचा वेदना-लक्षणसमूह’ असे, कारणाविषयी मौन पाळणारे नाव वापरले. ते हळूहळू रूढ झाले. १९९७ मध्ये इंग्लंडमधील टी. डी. बंकर व सहकाऱ्यांनी मांडीच्या हाडाच्या मानेच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया करताना काही रुग्णांत मध्य व लघु नितंब स्नायूंच्या कंडरा फाटलेल्या पाहिल्या आणि खांद्यातील तशाच विकाराशी त्यांची तुलना केली. खांद्याची कंडरा वयाबरोबर झिजते हे वैद्यांना परिचित होते. खुब्यातही तेच घडते, हे मात्र नवीन होते.

निर्णायक पुरावा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने दिला. ऑस्ट्रेलियातील पी. ए. बर्ड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा २४ स्त्रियांच्या प्रतिमा तपासल्या. ११ जणींत मध्य नितंब कंडरा फाटलेली व १५ जणींत तिचा विकार दिसला. पिशवी सुजलेली फक्त दोघींत होती आणि त्या दोघींतही कंडरा निरोगी नव्हती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या पिशव्यांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण झाले. त्यांत शोथाची अपेक्षित लक्षणे मिळाली नाहीत. २०१३ मध्ये ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफी तपासण्यांचा आढावा घेण्यात आला. त्यांत पिशवीचा शोथ २०·२ टक्के, तर नितंब कंडरांचा विकार सु. ५० टक्के रुग्णांत होता. पिशवी कधीच सुजत नाही असा याचा अर्थ नाही. ती सुजते, पण बहुधा शेजारच्या कंडरेच्या विकारात सहभागी म्हणून.

कंडरेचा हा विकार म्हणजे मुख्यतः शोथ नव्हे, तर बिघडलेली दुरुस्ती होय. कंडरेतील कोलॅजेन तंतूंची समांतर रचना विस्कटते, तंतूंमधील द्रव्य वाढते व ती जाड होते. एकीकडे नितंब स्नायूंची ओढ आणि दुसरीकडे पट्ट्याचा दाब असा तिच्यावर दुहेरी भार असतो. भार अचानक वाढला किंवा फार काळ कमी राहिल्याने कंडरा दुबळी झाली, तर तिची सहनशक्ती अपुरी पडते. यावरून उपचाराची दिशा ठरते. दाब कमी करावयाचा, पण काम बंद करावयाचे नाही. संपूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी अशक्त होते.

उपचारांची तुलना : तीन चाचण्या महत्त्वाच्या आहेत. जर्मनीतील यान रोम्पे व सहकाऱ्यांनी २२९ रुग्णांना घरी करावयाचे व्यायाम, एक अंतःक्षेपण किंवा आघात-तरंग यांपैकी एक उपचार दिला (२००९). एका महिन्यानंतर अंतःक्षेपण स्पष्टपणे पुढे होते व तीन-चतुर्थांश रुग्णांना गुण आला होता. पंधरा महिन्यांनी मात्र व्यायामाच्या गटात ८० टक्के, तरंगांच्या गटात ७४ टक्के व अंतःक्षेपणाच्या गटात ४८ टक्के रुग्ण बरे होते. नेदर्लंड्समध्ये १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०११) अंतःक्षेपणाचा लाभ तीन महिन्यांनी दिसला, वर्षाअखेर उरला नाही. तिसरी चाचणी ऑस्ट्रेलियातील असून ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ ते ७० वयाच्या २०४ रुग्णांपैकी एका गटास आठ आठवड्यांत भौतिकी चिकित्सकाकडे १४ बैठकींत शिक्षण व व्यायाम, दुसऱ्यास एक अंतःक्षेपण, आणि तिसऱ्यास केवळ ‘थांबा व पाहा’ असा सल्ला मिळाला. आठ आठवड्यांनी ‘बराच सुधारलो’ असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सु. ७७, ५८ व २९ टक्के होते, वर्षाने ते ७९, ५८ व ५२ टक्के झाले. काहीच न केलेल्यांपैकी निम्मे वर्षभरात सुधारले, ही गोष्टही रुग्णाला धीर देणारी आहे. एका सुईने वर्षाअखेर त्याहून फारसे अधिक साधले नाही.

चौदा बैठका हा ऑस्ट्रेलियातील आकडा आहे. मुलुंड वा बोरिवली येथील नोकरदार किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला इतक्या खेपा घालणे वेळ व खर्च या दोन्ही दृष्टींनी अवघड असते. मात्र या उपचाराचा मोठा भाग समजुतीचा असून तो एकदा नीट शिकल्यावर घरी चालू ठेवता येतो. जर्मन चाचणीतील व्यायाम घरीच झाले होते.

निदान : दुखऱ्या उंचवट्यावर बोटाने दाबले असता रुग्णाची नेहमीची वेदना उद्भवते. दुखऱ्या पायावर सु. ३० सेकंद उभे राहिल्यास ती वाढते. खुब्याच्या सांध्याच्या झिजेपासून हा विकार ओळखण्यास एक साधी खूण आहे. सांधा झिजलेल्या रुग्णाला मोजा घालणे, पायाची नखे कापणे किंवा मांडी घालून बसणे कठीण जाते व वेदना प्रायः जांघेत असते. बाह्य वेदनेच्या रुग्णाला हे बहुधा जमते. पायात मुंग्या येणे किंवा वेदना पावलापर्यंत उतरणे हे कण्याकडे बोट दाखविते. क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काही दिसत नाही. तरी ते काढले जाते आणि त्यातील वयानुरूप बदलांवरून ‘हाडांची झीज’ असे सांगण्यात येते. त्यामुळे रुग्ण चालणेच सोडून देतो.

उपनगरी जीवन व पथ्य : उपनगरातील दिनक्रमात या कंडरेवर भार टाकणारे प्रसंग विपुल आहेत. स्थानकांवरील पादचारी पुलांचे जिने, उद्वाहन नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती, आणि गर्दीच्या गाडीत एका पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून तासभर उभे राहणे हे त्यांतले नित्याचे. शेवटच्या स्थितीत पट्टा सर्वाधिक ताणला जातो. दोन्ही पाय किंचित फाकवून भार समान ठेवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा व पाऊल मध्यरेषेच्या आत टाकू नये. अंधेरी व घाटकोपर यांना जोडणाऱ्या मेट्रोमार्गावरील (२०१४) स्थानकांप्रमाणे जेथे सरकता जिना वा उद्वाहन आहे, तेथे दुखण्याच्या पहिल्या आठवड्यांत त्याचा संकोच न करता उपयोग करावा.

सामान वाहण्याविषयीचा नियम लोकसमजुतीच्या उलट आहे. दुखऱ्या बाजूस भार नको म्हणून पिशवी दुसऱ्या हातात घेतली जाते. परंतु तरफेच्या नियमाने त्यामुळे दुखऱ्या खुब्याच्या स्नायूंचे काम वाढते. ओझे उचलावेच लागले तर ते दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावे किंवा दोन्ही हातांत सारखे वाटावे. मूल कडेवर घेताना, पाण्याची कळशी कमरेवर घेताना हेच लागू आहे. पातळ गादीवर किंवा चटईवर कुशीवर निजल्यास खालचा उंचवटा चेपतो, तर वरचा पाय पुढे पडून वरच्या बाजूचा पट्टा ताणला जातो. म्हणून दोन्ही कुशी दुखतात. पाठीवर निजावे, अथवा खाली गोधडीची जाड घडी व दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

पाश्चात्त्य पुस्तिकांत पायावर पाय टाकून बसू नये असे सांगितलेले असते. हे खुर्चीवरील बैठकीविषयी आहे. साध्या मांडीत गुडघे बाहेर असतात, त्यामुळे तिला तोच आक्षेप लागू होत नाही. दोन्ही पाय एकाच बाजूस दुमडून बसण्याची बायकांची रीत मात्र टाळावी, आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा.

व्यायाम साधे आहेत. प्रारंभी उताणे निजून गुडघे वाकवून कुल्ले उचलणे, उभे राहून भिंतीशी पाय बाहेर दाबून धरणे; पुढे आडवी पावले टाकणे, कमी उंचीच्या पायरीवर चढणे, आणि अखेर श्रोणी समतल ठेवून एका पायावर भार घेणे, असा क्रम असतो. थोडी वेदना चालते. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ती वाढली तर मात्रा कमी करावी. पट्टा ताणण्याचे जुने व्यायाम आता पहिल्या टप्प्यात वर्ज्य समजतात. फरक पडण्यास सहा ते बारा आठवडे लागतात आणि एवढा धीर बहुतेकांना नसतो. रात्री झोप न येणाऱ्या रुग्णास एखादे अंतःक्षेपण देऊन त्या अवधीत व्यायाम सुरू करून घेणे हा मध्यम मार्ग आहे. कंडरा पूर्ण फाटलेल्या व दीर्घ उपचारांना दाद न देणाऱ्या मोजक्या रुग्णांत ती शस्त्रक्रियेने हाडास पुन्हा जोडतात. नुसती पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया आता क्वचितच करावी लागते.

विभेदक निदान : सर्वच बाह्य वेदना कंडरेच्या नसतात. ज्वर, वजनातील घट, रात्रीचा घाम किंवा मांडीवर हळूहळू वाढणारी गाठ असेल तर क्षयाचा विचार प्रथम करावा. तो आजही मुंबईत दुर्मिळ नाही, आणि अशा जागी कॉर्टिसोन टोचणे घातक ठरते. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर तिला पायावर भार देता येत नसेल, तर अस्थिभंग नाही याची खात्री होईपर्यंत चालवू नये. जांघेत वाढत जाणारी वेदना आणि पूर्वी स्टेरॉइड औषधे घेतल्याचा इतिहास असेल, तर ऊर्वस्थीच्या शीर्षाचा रक्तपुरवठा तुटून होणारा अस्थिनाश संभवतो. कोव्हिडच्या साथीत स्टेरॉइडे घेतलेल्या तीन रुग्णांत हा विकार आढळल्याचे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. यात क्ष-किरण चित्र आरंभी निर्दोष दिसू शकते, म्हणून चुंबकीय अनुस्पंदन तपासणी लवकर करणे इष्ट असते.